स्टॅनची पत्रं

२०२४ च्या मे महिन्यात 'डेट्रॉइट फ्री प्रेस' या वर्तमानपत्रात एक मृत्युलेख छापून आला. गेलेल्याचं नाव होतं स्लिम शेडी. वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की या नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. मार्शल ब्रूस मॅदर्स नावाच्या एका गोऱ्या रॅपरनं नव्वदच्या दशकात स्वतःसाठी रचलेलं ते पात्र: तोंडाळ, हिंसक, कशाचीही चाड नसलेलं. जग या मॅदर्सला एमिनेम म्हणून ओळखतं. मृत्युलेख ही त्याच्या नव्या अल्बमची जाहिरात होती.

१२ जुलैला तो अल्बम आला, 'द डेथ ऑफ स्लिम शेडी'. बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. एकावन्न वर्षांचा माणूस अजून तेच ते शाळकरी विनोद करतोय, असा एकूण सूर होता. आणि त्याच आठवड्यात या अल्बमनं अमेरिकेत सलग बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेल्या टेलर स्विफ्टला खाली ओढलं. एमिनेमचा हा पहिल्या क्रमांकावरचा अकरावा अल्बम.

समीक्षकांनी झोडपायचं आणि चाहत्यांनी डोक्यावर घ्यायचं, हा खेळ गेली वीस वर्षं चालू आहे. वरवर पाहता त्यात नवं काही नाही; आपल्याकडेही समीक्षकांना न पटलेले सिनेमे धो धो चालतातच. पण एमिनेमची गोष्ट थोडी वेगळी आहे. या भांडणात तिसरा पक्ष आहे, आणि तो म्हणजे खुद्द एमिनेम. तो प्रत्येक परीक्षण वाचतो, लक्षात ठेवतो आणि पुढच्या अल्बममध्ये त्याला उत्तर देतो. आणि वेड्या चाहत्याला इंग्रजीत जो शब्द आज रूढ आहे, तोही त्याच्याच एका गाण्यातून आला.

डेट्रॉइट शहराच्या उत्तर सीमेवर '८ माइल रोड' नावाचा रुंद रस्ता आहे. त्याच्या दक्षिणेला प्रामुख्यानं काळ्यांचं, गरीब होत गेलेलं शहर. उत्तरेला प्रामुख्यानं गोऱ्यांची उपनगरं. मार्शल या सीमेच्या दोन्ही अंगांना, आईबरोबर सतत घरं बदलत वाढला. नववीत तीनदा नापास झाला आणि शाळा सुटली. पुढं एका रेस्टॉरंटच्या भटारखान्यात कामाला लागला आणि शनिवारी 'हिप हॉप शॉप' या कपड्यांच्या दुकानात रंगणाऱ्या शब्दांच्या लढतींत उतरू लागला. समोरच्याला यमकात, तालात, तिथल्या तिथं रचून हाणायचं, आणि कोण जिंकलं ते जमलेल्या गर्दीनं आरडाओरडा करून ठरवायचं. आपल्या सवाल-जवाबांची किंवा कलगी-तुऱ्याची आठवण यावी असा हा प्रकार. ती गर्दी हाच त्याचा पहिला समीक्षक. ती जवळपास सगळी काळी होती आणि एका गोऱ्या पोराला दाद देण्याची तिला काहीच निकड नव्हती. त्याला तिथं उभं केलं त्याचा मित्र प्रूफनं. लढतींचं सूत्रसंचालन तोच करायचा.

१९९६ मध्ये 'इन्फिनिट' हा पहिला अल्बम निघाला, आणि गावातल्या जाणकारांनी त्याला तू नासची नक्कल करतोस असं सुनावलं. नास म्हणजे न्यूयॉर्कचा तेव्हाचा सर्वांत नावाजलेला तरुण रॅपर. (हे नाव लक्षात ठेवा, पुढं दोनदा येणार आहे.) टीका बरोबर होती. अल्बम सभ्य होता, कारागिरी चोख होती आणि आवाज दुसऱ्याचा होता. त्या अपमानातून स्लिम शेडी जन्मला. हे पात्र आपल्याला शौचालयात बसलेलो असताना सुचलं, असं एमिनेमनं पुढं सांगितलं आहे. ती गाणी ऐकली की यावर सहज विश्वास बसतो. म्हणजे टीकेला उत्तर म्हणून नवा आवाज काढायचा, ही सवय त्याला पहिल्याच पराभवात लागली. तेव्हा तिनं त्याला तारलं. पुढं तिनंच त्याला छळलं.

डॉ. ड्रे या लॉस एंजेलिसच्या मातब्बर निर्मात्यानं त्याला उचललं आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये 'द स्लिम शेडी एलपी' आला. 'बिलबोर्ड' हे संगीतव्यवसायाचं मुखपत्र. त्याचे संपादक टिमथी व्हाइट यांनी या अल्बमविरुद्ध संपादकीय लिहिलं. जगाच्या दुःखाचं भांडवल करून पैसा करणं, हा त्यांचा आरोप. पुढच्या वर्षी मे महिन्यात 'द मार्शल मॅदर्स एलपी' आला आणि अमेरिकेत पहिल्या आठवड्यात त्याच्या साडेसतरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. सप्टेंबरमध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी यांच्या पत्नी लिन चेनी यांनी सिनेटच्या समितीपुढं एमिनेमचं नाव घेऊन तक्रार मांडली. ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या ॲटर्नी जनरलनी त्याला देशात येऊ देऊ नये म्हणून खटपट केली. कार्यक्रम झालाच. त्याची आई आधीच कोर्टात गेली होती: मुलानं बदनामी केली म्हणून एक कोटी डॉलरचा दावा. तो २५ हजारांवर मिटला आणि वकिलांची फी वजा जाता माउलीच्या हाती सुमारे सोळाशे डॉलर पडले.

या गदारोळात समीक्षक पेचात सापडले. कारागिरी नाकारता येत नव्हती. एमिनेम ओळीच्या शेवटी यमक जुळवून थांबत नाही. ओळीच्या पोटात चार-चार, पाच-पाच अक्षरांची यमकं एकमेकांत गुंफतो, आणि जे शब्द कागदावर जुळतच नाहीत ते उच्चाराला पीळ देऊन जुळवतो. शिवाय बोलतंय कोण हे सतत हलतं असतं. स्लिम बोलतोय, एमिनेम बोलतोय की मार्शल? आयर्लंडचे नोबेल विजेते कवी शेमस हीनी यांनी २००३ मध्ये त्याच्या शब्दांतल्या ऊर्जेची जाहीर वाखाणणी केली. 'गार्डियन'मध्ये त्याची तुलना रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यमय स्वगतांशी झाली होती. पण हीच कारागिरी 'किम' नावाच्या गाण्यात बायकोच्या खुनाचा प्रसंग उभा करण्यासाठी वापरली आहे, आणि किम हे त्याच्या खऱ्या बायकोचं खरं नाव. समलिंगी माणसांना दिलेल्या शिव्यांचा तर हिशेबच नाही. 'पात्र बोलतंय, कवी नव्हे' हा बचाव मला साहित्याचा वाचक म्हणून मान्य आहे. पण पात्र जिचं नाव घेतं ती बाई खरी आहे, रोज बाजारात जाते, तिला शेजारी आहेत. तिचं काय, हा प्रश्न चाहत्यांनी कधी विचारलाच नाही. समीक्षकांपैकी ज्यांनी विचारला ते त्या काळी रसभंग करणारे ठरले.

फेब्रुवारी २००१ च्या ग्रॅमी समारंभात बाहेर समलिंगी हक्क संघटनांची निदर्शनं चालू होती आणि आत एमिनेम एल्टन जॉनबरोबर गात होता. स्वतः समलिंगी असलेल्या जॉननं शेवटी त्याला मिठी मारली. वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मुख्य पुरस्कार मात्र त्याला मिळाला नाही. तो स्टीली डॅन या जुन्या बँडच्या गुळगुळीत अल्बमला गेला. त्या रात्री दोघांनी म्हटलेलं गाणं होतं 'स्टॅन'.

या गाण्यात चार कडवी. पहिली तीन एका चाहत्याची पत्रं आहेत. चाहत्याचं नाव स्टॅन. खोलीच्या भिंतीवर लाडक्या गायकाची चित्रं, पोटुशी मैत्रीण, उत्तराची वाट. मागं पाऊस वाजतो, आणि कान देऊन ऐकलं तर कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाजही येतो. उत्तर येत नाही तसतसं पत्रांतलं प्रेम आंबत जातं. तिसरं पत्र कागदावर नाही. गाडी हाकताना कॅसेटवर भरलेलं आहे, आणि मैत्रीण डिकीत कोंडलेली आहे. चौथ्या कडव्यात गायक सावकाश, आपुलकीनं उत्तर लिहायला बसतो. लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात येतं की बातम्यांत ऐकलेला तो अपघात याच मुलाचा.

हे गाणं लिहिणारा माणूस सत्तावीस वर्षांचा होता आणि जगप्रसिद्ध होऊन त्याला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. सप्टेंबर २००० मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात तो रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये शिरला तो आपल्यासारख्याच पांढुरक्या केसांच्या, सारख्याच कपड्यांतल्या तरुणांची फौज मागं घेऊन. म्हणजे एका हातानं तो तोतयांची पलटण उभी करत होता आणि दुसऱ्या हातानं तिच्यातल्या एकाचं मरण लिहीत होता.

पुढच्या वर्षी नासनं आपला प्रतिस्पर्धी रॅपर जे-झी याला एका गाण्यात 'स्टॅन' म्हणून हिणवलं. शब्द शिवी झाला. मग शिवीचा दंश बोथट होत गेला, चाहते स्वतःला अभिमानानं स्टॅन म्हणवून घेऊ लागले, त्याचं क्रियापद झालं. २०१९ मध्ये 'मेरियम-वेब्स्टर' शब्दकोशानं ते नाम आणि क्रियापद दोन्ही दाखल करून घेतलं. आपल्याकडे रसिक, दर्दी, चाहता, वेडा, भक्त अशी उतरंड आहे. रसिकाला काही कळावं लागतं. भक्ताला मुळीच नाही. स्टॅन या उतरंडीत नेमका बसत नाही. त्याला सगळं कळतं, गायकाच्या प्रत्येक ओळीचा संदर्भ पाठ असतो, आणि तरीही तो भक्त असतो.

२००२ हे वर्ष म्हणजे कळस. 'द एमिनेम शो' हा अमेरिकेतला त्या वर्षीचा सर्वाधिक खपाचा अल्बम. नोव्हेंबरात '८ माइल' हा सिनेमा. त्यातल्या 'लूज युवरसेल्फ'ला मार्च २००३ मध्ये ऑस्कर, रॅप गाण्याला मिळालेलं पहिलं. तो समारंभाला गेलाच नव्हता, घरी झोपला होता. कालपर्यंत ज्यांना तो देशाच्या नीतिमत्तेवरचं संकट वाटत होता ते प्रौढ, सुशिक्षित लोकही आता माना डोलवू लागले. हा बदल इतका झटपट झाला की 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन यांनी या एकमतावरच बोट ठेवलं: बायकांचा आणि समलिंगींचा द्वेष यात आहे तसाच आहे, तुम्ही मात्र तो खपवून घ्यायला शिकलात. मला हे त्या काळातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं, जरी मी 'द एमिनेम शो' आजही आवडीनं ऐकत असलो तरी.

२००३ च्या अखेरीला 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकानं त्याची एक जुनी टेप बाहेर काढली. तीत काळ्या मुलींबद्दल ओंगळ उद्गार होते. मासिकाच्या एका भागीदाराचं त्याच्याशी उघड वैर होतं, तेव्हा हेतू स्वच्छ नव्हता. टेप मात्र खरी होती. एका काळ्या मैत्रिणीशी बिनसल्यावर रागात केलेला मूर्खपणा, असं सांगून त्यानं माफी मागितली. गोरा असल्यामुळं आपला माल जास्त खपतो, हे त्यानं 'व्हाइट अमेरिका' या गाण्यात आधीच कबूल केलं होतं. त्याच्यावर करायचा आरोप तोच आधी करून टाकतो. '८ माइल'च्या शेवटच्या लढतीत नायक याच डावानं जिंकतो: स्वतःची सगळी लक्तरं स्वतःच चव्हाट्यावर मांडायची, समोरच्याला बोलायला काही उरूच द्यायचं नाही. लढतीत हा डाव बिनतोड आहे. एखादं आयुष्य त्यावर निभत नाही.

नोव्हेंबर २००४ च्या 'एन्कोर'पासून उतार लागला. गाणी आधीच फुटली, गोळ्यांच्या अमलाखाली घाईघाईनं नवी रचली, आणि ते ऐकणाऱ्याला कळत होतं. एप्रिल २००६ मध्ये प्रूफ ८ माइल रोडवरच्याच एका क्लबात गोळी लागून गेला. डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोन या औषधाच्या अतिसेवनानं एमिनेम स्वतः मरता मरता वाचला. २० एप्रिल २००८ पासून त्यानं नशा सोडली. त्या काळात त्याला आधार देणाऱ्यांत एल्टन जॉन होता.

२००९ चा 'रिलॅप्स' समीक्षकांना झेपला नाही. खुनी वेड्यांच्या कहाण्या, त्याही विचित्र परदेशी हेल काढून म्हटलेल्या. चाहतेही बावचळले. पुढच्याच वर्षी 'रिकव्हरी' आला आणि त्यात एमिनेमनं आपल्या मागच्या अल्बमबद्दल जाहीर नापसंती गायली. 'रिकव्हरी' २०१० मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपला. नंतर एक मजा झाली. कट्टर चाहत्यांनी 'रिलॅप्स'ला हळूहळू डोक्यावर घेतलं. त्या हेलांमागची यमकांची करामत त्यांनी अक्षर-अक्षर सोडवून दाखवली. आता तेच त्याला विनवतात की असाच आणखी एक कर. म्हणजे समीक्षकांचं ऐकून त्यानं जे नाकारलं ते चाहत्यांनी उकिरड्यावरून उचलून घरात आणलं. या एका बाबतीत माझं मत चाहत्यांच्या बाजूनं आहे.

त्यापुढचं दशक वेगाचं. २०१३ च्या 'रॅप गॉड'मध्ये सहा मिनिटं चार सेकंदांत १,५६० शब्द आहेत आणि त्याची गिनीज बुकात नोंद आहे. आपल्याकडे वामनपंडितांना 'यमक्या वामन' म्हणायचे, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चेष्टेनं. उत्तरकाळातल्या एमिनेमबद्दल समीक्षकांची तक्रार नेमकी हीच: यमक आहे, गती आहे, दमसास आहे, सांगायचंय काय? चाहता म्हणतो, आधी एवढं करून तर दाखवा. दोघं दोन निरनिराळ्या कला ऐकत असतात. एकाला हिप हॉप शॉपमधली लढत ऐकू येते, दुसऱ्याला कविता हवी असते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यानं एका चित्रफितीत ट्रम्प यांना कडाडून झोडलं आणि आपल्या चाहत्यांपैकी जे ट्रम्पचे पाठीराखे असतील त्यांना सुनावलं: तो किंवा मी, निवडा. एवढ्या मोठ्या गायकानं आपल्याच गिऱ्हाइकाला दार दाखवावं हे धाडसच होतं. दोन महिन्यांनी 'रिव्हायव्हल' आला आणि तो सगळ्यांनीच झिडकारला. समीक्षकांनी, आणि या खेपेला बऱ्याच चाहत्यांनीही. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी, कसलीही आगाऊ घोषणा न करता, 'कामिकाझे' येऊन आदळला. अल्बमभर त्याची परीक्षणं लिहिणाऱ्यांवर, त्याला नावं ठेवणाऱ्या तरुण रॅपरांवर शिव्यांचा मारा. 'फॉल' या गाण्यात टायलर द क्रिएटर या रॅपरला त्यानं समलिंगींसाठीची जुनी शिवी घातली. त्याच गाण्यात ज्याचा आवाज वापरला होता त्या जस्टिन व्हर्ननं जाहीरपणे हात झटकले. त्या एका शब्दात आपण मर्यादा ओलांडली, असं एमिनेमनं नंतर मुलाखतीत मान्य केलं. चाहते मात्र खूश होते. आपला माणूस पुन्हा चिडला!

त्याच्याविषयीच्या प्रतिक्रियांचा हा सगळा ढीग उपसल्यावर माझ्या हाती एवढंच लागतं, की समीक्षक आणि चाहते भांडत असले तरी दोघांची मागणी एकच आहे. दोघांनाही २००० सालचा एमिनेम परत हवा आहे. तो विनोद करू लागला की समीक्षक म्हणतात पोरकट झाला. गंभीर झाला की चाहते म्हणतात मवाळ झाला. आणि त्या सत्तावीस वर्षांच्या पोराची आठवण सर्वांत जास्त कुणाला छळत असेल तर ती एमिनेमलाच. आपल्याविषयी छापून आलेला प्रत्येक शब्द जपून ठेवणारा, उत्तरं लिहीत राहणारा, दुर्लक्षानं पेटून उठणारा तोच. एमिनेमचा पहिल्या नंबरचा स्टॅन एमिनेमच आहे.

२०२१ मध्ये टिकटॉकवरच्या काही पोरांनी त्याच्या जुन्या गाण्यांतली हिंसा उकरून काढून त्याला वाळीत टाकायची हाक दिली, तेव्हा चाळिशीतली माणसं त्याच्या बचावाला धावली. कधीकाळी आईबापांपासून ज्याच्या कॅसेट लपवल्या, त्याच्यासाठी ती आता पोराबाळांशी वाद घालत होती. पुढच्या वर्षी सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गाणं आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. तिथल्या भाषणात त्यानं स्वतःबद्दल थोडंच सांगितलं. ज्यांच्यामुळं आपण शिकलो अशा शंभरेक रॅपरांची नावं मात्र कागदावरून एकामागून एक वाचून दाखवली. मला हा त्याचा सर्वांत सुंदर कार्यक्रम वाटतो. त्या वेळी तो नुसता रसिक होता.

आणि आता पुणे. स्टेशनच्या अंगाला असलेल्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेल्या, कव्वालीपासून सुरुवात केलेल्या अल्ताफ शेख नावाच्या मुलानं रॅपर म्हणून नाव घेतलं ते एमसी स्टॅन. एमिनेमच्या चाहत्यांना स्टॅन म्हणतात म्हणून. मुंबईच्या डिव्हाईनलाही वाट दिसली ती मित्राच्या अंगातल्या टी-शर्टवरच्या फिफ्टी सेंटच्या चित्रातून, आणि फिफ्टी सेंट हा एमिनेमनंच पुढं आणलेला रॅपर. डिव्हाईन आणि नेझी या रॅपरांच्या आयुष्यांवरून स्फुरलेल्या 'गली बॉय' या हिंदी सिनेमाची २०१९ मध्ये '८ माइल'शी तुलना झाली नसती तरच नवल. 'गली बॉय'च्या श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून नास होता. स्टॅन या शब्दाची शिवी करणारा तोच नास.

२०२० मध्ये आलेल्या एमसी स्टॅनच्या अल्बमचं नाव 'तडीपार'. हा शब्द कळायला महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्याची हवा ठाऊक असावी लागते. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तो 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला. दुसरा आला अमरावतीचा शिव ठाकरे. घरात असताना स्टॅननं अनेकदा बाहेर पडण्याचा हट्ट धरला होता, म्हणून जाणकार प्रेक्षक चिडले: ज्याला खेळायचंच नव्हतं तो जिंकतो कसा? उत्तर सोपं होतं. मतं त्याच्या खेळाला नव्हतीच, ती त्याच्या वस्तीला, त्याच्या बोलण्याला होती. आपली 'शेंबडी' त्याच्या तोंडून 'शेमडी' होऊन देशभर गेली. महिन्याभरानं इंदूरमध्ये करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या गाण्यांतल्या शिव्यांवरून मंचावर घुसून कार्यक्रम बंद पाडला. लिन चेनींना निदान सिनेटच्या समितीपुढं जावंसं वाटलं होतं.

मराठी वर्तमानपत्रांत त्या दिवसांत स्टॅनच्या गळ्यातल्या साखळीची किंमत, बुटांची किंमत आणि मतांचा आकडा भरपूर छापून आला. 'तडीपार'मध्ये गाणी कशी आहेत, यमकं कुठं बसतात आणि कुठं अडखळतात, दखनी वळणाची ही पुणेरी हिंदी रॅपमध्ये काय करते, यावर गंभीर परीक्षण माझ्या वाचनात आलं नाही. एमिनेमला चिडायला निदान परीक्षणं होती. आमच्या पोरांच्या वाट्याला चाहते येतात आणि मोर्चे येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये 'स्टॅन्स' नावाचा माहितीपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला. एमिनेमच्या जगभरच्या चाहत्यांवरचा हा पट. निर्मात्यांत स्वतः एमिनेम. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पत्रांना त्यानं दिलेलं हे आणखी एक उत्तर म्हणायचं. माहितीपट बघा न बघा, ते मूळ गाणं मात्र एकदा सबंध ऐका. पावणेसात मिनिटांचं आहे. पेन्सिलीचा आवाज ऐकायचा असेल तर कानाला हेडफोन लावा.